डावी बाजू

विभागप्रमुख सरांनी नियतकालिक टेबलावर आपटलं, तेव्हा चित्रकार बाईंची शाईची दौत कलंडता कलंडता वाचली.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

बाईंनी वाचलं. कोणा परक्या संशोधकानं लिहिलं होतं, की सरांनी नव्यानं शोधलेल्या भुंगेऱ्याच्या डाव्या जबड्यावर एक वाकडा दात आहे आणि उजव्यावर तो नाही. सरांच्या लेखात मात्र, चित्रासकट, दोन्ही जबडे हुबेहूब सारखे. 'लेखकानं हा किडा एकदा तरी पाहिला होता का?' असा खवचट प्रश्न विचारून त्यानं शेवट केला होता.

"चारचौघांत माझी शोभा केलीत," सर म्हणाले. "अर्धं चित्र काढायचं, ट्रेसिंग पेपर उलटायचा, की झाली दुसरी बाजू तयार! याला कामचुकारपणा म्हणतात, बाई."

शेजारच्या टेबलावरचे दोन सहायक एकाएकी कामात गढून गेले. किती गढले होते, ते त्यांच्या ताठ कानांवरून दिसतच होतं.

एकवीस वर्षं बाई त्या खिडकीपाशी बसून किडे रंगवत होत्या. कामचुकार म्हणून आजवर कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. त्या उठल्या आणि कपाटातून एक जुना कागद काढून त्यांनी सरांपुढे धरला. त्याच भुंगेऱ्याचं पहिलं चित्र होतं ते. दोन्ही बाजू मायक्रोस्कोपखाली पाहून वेगवेगळ्या काढलेल्या, आणि डाव्या जबड्यावर तो वाकडा दात. दातावर लाल पेन्सिलीची फुली होती. शेजारी सरांचं अक्षर: 'निसर्ग सममिती पाळतो. तुमचा हात हलला असेल. उजवी बाजू उलटून घ्या. यापुढे सगळं असंच करायचं.'

मायक्रोस्कोपला डोळाही न लावता लिहिलं होतं त्यांनी ते.

सरांनी कागद वाचला, त्याची चौघडी केली आणि सरळ खिशात घातली.

"असा कागद नव्हताच," ते म्हणाले. "आता संपादकांना पत्र लिहा. चूक चित्रकाराची, संशोधकाची नाही. तासाभरात सहीनिशी हवंय. नाहीतर उद्या ही खुर्ची रिकामी दिसली पाहिजे मला."

ते गेले. बाईंनी रागानं एक कोरा कागद पुढ्यात ओढला. त्यातला थोडा राग स्वतःवरही होता. तो दात त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता आणि सांगितल्याबरोबर नव्या चित्रात मुकाट्यानं गाळलाही होता.

तासाभरानं सर आले. पत्र तयार होतं. कागदाच्या मधोमध, बाई प्रत्येक किड्याच्या चित्रात आधी आखत तशी, एक बारीक उभी रेघ होती. रेघेच्या उजवीकडे सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'दात मला दिसला होता. तरी मी तो गाळला. ही चूक माझी.' खाली सही. डावी बाजू कोरी.

"हे काय? अर्धंच पत्र?"

बाईंचे ब्रश पिशवीत भरून झाले होते. टेबलावर एक लाल पेन्सिल तेवढी राहिली होती. ती त्यांनी उचलून कोऱ्या बाजूवर ठेवली.

"उरलेलं उलटून घ्या, सर."