केचप मागणारी म्हातारी

बसची नोकरी सोडून मी शिकागोच्या कोर्टासमोर हॉटडॉगची गाडी टाकली, तेव्हा माझ्या बायकोनं, रोझाननं, बजावलं होतं, "मला त्यात ओढू नकोस. आपटलास की ये घरी."

तीन दिवस माशा मारल्या. चौथ्या दिवशी हिरव्या टोपीतली एक म्हातारी आली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "केचप घाल त्यावर!"

"हॉटडॉगवर केचप? शिकागोत हे पाप समजतात! बाहेरगावच्या का हो तुम्ही, आजी?"

"जन्म गेला माझा शिकागोत. घालतोस की नाही?"

"मेलो तरी नाही!"

झालं. येणारेजाणारे थांबले, माझ्या बाजूनं तिच्याशी तावातावानं भांडले आणि भांडून भूक लागली म्हणून माझ्याकडेच खाऊनही गेले. म्हातारी मात्र काही न खाताच निघून गेली.

मग रोज बाराच्या ठोक्याला तीच टोपी, तेच केचप, तेच भांडण. गाडीभोवती गर्दी वाढत होती, पण या बाईचं गौडबंगाल मला उलगडेना. वेडी म्हणावी तर बोलणं वकिलासारखं. एवढीच हौस आहे तर घरी नेऊन का घालत नाही?

शेवटी मलाच तिची दया आली. काल घरून केचपची बाटली नेली आणि शरमेनं मान खाली घालून तिच्यापुढे धरली.

म्हातारी दचकली. इकडेतिकडे बघत कुजबुजली, "लपव ती आधी, ठोंब्या! रोझाननं मला महिनाभर भांडायला सांगितलंय."