बर्फ जातो कुठे?

"फ्रिजमधलं टिकलं आणि फ्रीझरमधलं नासलं? कुप्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस तू, अम्मा. कबूल कर आणि मोकळी हो." रागावतानाही रामय्या सर हारिकाला अम्माच म्हणत.

हारिका जागची हलली नाही. पाण्यात विरघळवलेलं पेप्टाइड हे प्रथिनासारखं नाजूक रसायन तिने टेबलावर, फ्रिजमध्ये आणि फ्रीझरमध्ये ठेवून पाहिलं होतं. टेबलावरचं नासणार, हे कॅन्टीनवाल्या यादगिरीनेही सांगितलं असतं. पण सगळ्यात थंड जागेतलं बिघडावं, हे कुणाच्याच पचनी पडेना. चूक तिची ठरली असती, तर या प्रयोगशाळेत कायम होण्याचं विसरावंच लागलं असतं.

"अदलाबदल नाही, सर. पुन्हा करून पाहिलं. तेच आलं."

"मग काय, तपासणीचं मशीन खोटं बोलतं?"

"मशीन नाही. फ्रीझर."

सर हसलेच. तो फ्रीझर त्यांचा लाडका. वरच्यांशी भांडून आणलेला; दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावून नारळही त्यांनीच फोडला होता. जुन्यात इतका बर्फ साचायचा, की कुप्या स्क्रूड्रायव्हरने उकरून काढाव्या लागत. त्यांनी ऐटीत दार उघडलं. "बघ! बर्फाचा कण तरी दिसतो?"

"तेच म्हणते मी. बर्फ जातो कुठे?"

सरांनी आतल्या कोरड्या भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं.

"मी आत तापमापक ठेवला होता, सर. बर्फ साचू नये म्हणून हा मधूनमधून स्वतःला तापवतो. कुप्याही वितळतात, परत गोठतात. पेप्टाइडचे हाल हाल होतात." हे सांगताना तिला मनापासून मजा येत होती.

सर हळूच खाली वाकले. खालच्या सगळ्या कप्प्यांत त्यांच्याच कुप्या होत्या. कित्येक वर्षांचं काम. जुन्या फ्रीझरमधून त्यांनी स्वतःच्या हातांनी इकडे हलवलेलं.

हारिकाची मजा कुठल्या कुठे पळाली. तिला फार वाईट वाटलं. "सर, एकेक तपासू. मी आहे ना बरोबर."

"तपासू." सर गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं. "पण आधी तुझ्या अहवालावर सही करू दे. माझं काय झालंय ते बघितल्यावर मन एवढं मोठं राहील, याची खात्री नाही."