अकराशे ओहम

गड्ड्याच्या यात्रेसाठी गिरणी बंद होती. तरी विणाई खात्याच्या मीटरचा काटा शून्यावर येईना. इंजिनियर परचुऱ्यांनी कागदावर भागाकार मांडला.

“दोनशे वीस व्होल्ट, एक पंचमांश अँपियर. म्हणजे चव्वेचाळीस वॅट फुकट चाललेत. गुरप्पा, आत दिवा राहिलाय.”

“समदं दिवं काडून ठिवलंत की, साहेब.”

“मग अकराशे ओहमचा रोध कुणाचा? एवढा तर ओल्या हातांच्या माणसाचा असतो.”

साहेब शिकलेले असल्यामुळे उत्तर त्यांच्या तोंडून निघून गेलं.

गेल्या महिन्यात गुरप्पाचा भाऊ ईरप्पा याच खात्यात तारेला चिकटला होता. गुरप्पा मेन स्विचकडे धावला, तेव्हा साहेबांनी त्याचा हात धरला होता. मॅनेजरच्या परवानगीशिवाय माग थांबवता येत नसत. ती येईपर्यंत ईरप्पा तारेवरच संपला होता.

आज परवानगीचा प्रश्न नव्हता. माग थांबलेलेच होते. शिवाय वीज वाया जात होती. साहेबांनी स्वतः मेन ओढला.

काटा शून्यावर आला, आणि कुलूप घातलेल्या खात्यात काहीतरी जड धप्पकन फरशीवर पडलं.

“सुटला,” गुरप्पा म्हणाला.