चौथी कादंबरी

"आणि चौथी?" ग्रंथपाल मनुबाईंनी रजिस्टरवर पेन टेकवून विचारलं.

विनिताने तीनच वाचल्या होत्या. चौथी नव्हतीच!

वाचनालयाचा नियम साधा होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचकांनी उभं राहायचं आणि महिनाभरात वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोलायचं. सलग सहा महिने, दर महिन्याला चार कादंबऱ्या वाचल्या की नव्या पुस्तकांच्या कपाटाची चावी वर्षभर तुमची. कोरं करकरीत पुस्तक सगळ्यांच्या आधी तुमच्या हातात! श्रीवर्धनमध्ये याहून मोठा मान नव्हता, निदान दहावीतल्या विनिताच्या मते तरी. पाच महिने तिने फत्ते केले होते. हा सहावा, आणि नेमकी सहामाही परीक्षा मध्ये तडमडली.

तीन कादंबऱ्यांवर मात्र ती झकास बोलली होती. पहिलीचा नायक इतका रडका, की पुस्तक दोरीवर वाळत घालावं लागलं. दुसरीत भूत होतं, पण ते फारच सुशिक्षित निघालं. तिसरीसाठी तर तिने भूमितीचा अख्खा पेपर ओवाळून टाकला होता. लोक खो खो हसले होते.

आता तेच लोक तिच्याकडे बघत होते. पुढच्या रांगेत सोनल होती, बोटीवर नोकरीला गेलेल्या मोठ्या काकाची सायकल दामटत रोज वाचनालयात येणारी. ती फक्त एका महिन्याने मागे होती. विनिता चुकली की चावी तिची.

"चौथी माझ्या पनवेलच्या मामाकडची," विनिता म्हणाली. "नाव 'तिसरी पोफळ'."

एकदा नाव सुचल्यावर पुढचं आपोआप यायला लागलं. "दोन भाऊ आणि एक सुपारीची वाडी. मोठ्याला वाडी विकायचीय, धाकट्याचा जीव तिच्यात. एका दुपारी दोघं भांडतात. धाकटा ढकलतो आणि मोठा थेट जुन्या विहिरीत. कोणी बघितलेलं नसतं. धाकटा विहीर बुजवतो आणि वर जायफळाचं रोप लावतो." नारळ तर सगळेच लावतात, म्हणून जायफळ.

"सापडतो काय ग तो?" मागून कोणीतरी विचारलं.

"अंहं! शेवट सांगणार नाही. वाचा!"

टाळ्या पडल्या. मनुबाईंनी चावी तिच्या हातावर ठेवली. दारात सोनलचे वडील, चंदरकाका, उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मंगळवारी ते शाळेच्या फाटकाशी थांबले होते.

"विनू, ते पुस्तक दे ना ग वाचायला."

"मामाकडे परत गेलं, काका."

"मग मामाचा नंबर दे."

तिने नंबर दिला. शेवटचा आकडा मुद्दाम चुकवला. 

गुरुवारी मधल्या सुट्टीत सोनलच म्हणाली, "बाबांना काय झालंय कळत नाय. भेळेचा कागद सोडला तर आजवर काय वाचलं नाय. काल अलिबागला जाऊन चार दुकानं पालथी घातली. शेवट काय हाय, शेवट काय हाय, एकच धोशा! माझी चावी हुकली ना, तुला पकडायला निघालेत बघ!"

सोनल हसली. विनिताने उरलेली चपाती डब्यात परत ठेवली. डोळ्यांसमोर सगळं दिसायला लागलं: मनुबाई रजिस्टरात तिच्या नावावर रेघ मारतायत, आईची मान खाली, आणि बाजारात जो तो म्हणतोय, ही बघा खोटारडी. शुक्रवारी तिने शाळेतून येताना लांबचा रस्ता धरला. तरी काका वळणावर होतेच. नुसते बघत राहिले.

शनिवारी दुपारी ती वाचनालयात होती. "बस ग जरा, मी जेवून येते," म्हणून मनुबाई गेल्या. चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात चंदरकाका आत आले, पायातल्या चपला न काढता.

"नंबर लागला नाय," ते शांतपणे म्हणाले. "तुझ्या आईकडनं पत्ता घेतला. पनवेलला जाऊन आलो. मामा बोलला, असलं पुस्तक त्याच्याकडं कधीच नव्हतं."

विनिता उठून उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ धरली. आणि मग तिला वाटलं, पुरे झालं. किती दिवस असं भीत राहायचं?

"काका, असं पुस्तकच नाही," ती भडाभडा बोलत सुटली. "मी ते उभ्या उभ्या रचलं. चावीसाठी. ही घ्या चावी, सोनलला द्या. मनुबाईंना मीच सांगते. फक्त आईला तुम्ही सांगू नका, प्लीज!"

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं तिला. खरं बोलणं इतकं सोपं असतं?

काकांनी चावीकडे बघितलंही नाही.

"म्हणजे हे कोणी लिवलेलं नाय?"

"नाही."

"कुठं छापलेलं नाय?"

"देवाशप्पथ नाही!"

"आनि तू आजून कोणाला सांगितलं नाय? तुझ्या डोक्यातनं आलं हे?"

"कोणालाच नाही, काका. फक्त आता तुम्हाला."

काकांनी एक लांब श्वास सोडला. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. ते वळले, दार लोटलं, आतून कडी घातली आणि अगदी मायेने विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"मग त्या दुपारी तू आमच्या वाडीत कुठं उभी होतीस, बाय?"