कोटांचं कपाट

कुरिअरवाल्याने दार एवढ्या जोरात बडवलं की केतकीच्या हातून पोळीच निसटली. खोकं घेऊन ती परत आली, तर दिवाणखान्यातला दिवा बंद, पडदे ओढलेले आणि दोन्ही मुलं गायब.

"जुई? लपाछपी पुरे हं आता. बाळ कुठंय?"

अमेरिकेत, ओहायोतल्या त्या एवढ्याशा घरात कुणी ओ दिली नाही. पलंगाखाली वाकून झालं, बाथरूम पाहून झालं. शेवटी तिने कोटांचं कपाट उघडलं. आत पाच वर्षांची जुई बाळाला मांडीत आवळून बसली होती आणि तिचा तळहात बाळाच्या नाकातोंडावर गच्च दाबलेला होता.

केतकीने बाळाला हिसकावून घेतलं. ओठ निळसर पडले होते. पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे त्याने श्वास ओढला आणि टाहो फोडला.

"अगं, मी हाका मारत होते ना?"

"शाळेत शिकवलंय," जुई कुजबुजली. "दार असं बडवत बंदूकवाला आला की दिवे बंद करून लपायचं. ओळखीच्या कुणी बोलावलं तरी बाहेर यायचं नाही. बाळ रडलं असतं तर त्याला कळलं असतं, मम्मा."

केतकीचा हात उगारलेलाच राहिला. बाळाला मांडीवर घेऊन ती तिथेच कोटांखाली बसली. जुईचा तळहात तिने स्वतःच्या तोंडावर ठेवला आणि जरा खाली सरकवला.

"नाक उघडं ठेवायचं, जुई. कर बघू पुन्हा."