वोल्गाचा रोटर

शवकतने एकदा झिंगून बापाची जुनी वोल्गा मोटार कालव्यात घातली. तेव्हापासून म्हातारा रोज संध्याकाळी बॉनेट उघडायचा, रोटर काढायचा आणि कोटाच्या खिशात टाकायचा. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्यावाचून प्लगला ठिणगी मिळत नाही.

म्हातारा गेला. रिवाजाप्रमाणे त्याचा कोट मयताला आंघोळ घालणारे बुजुर्ग गृहस्थ हमरोकुलअका यांना दिला, आणि रोटर खिशातच राहिला. मयताचं दिलेलं परत मागत नाहीत. नवे रोटर चार दिवसांत तडकतात, म्हणून शवकतने ताश्कंदचा अख्खा भंगारबाजार पालथा घातला आणि जुन्या काळातला अस्सल रोटर मिळवला.

"घे डोळे झाकून! नातवाच्या लग्नापर्यंत चालेल," दुकानदार म्हणाला.

रोटर बसवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गाडीतून गायब. शवकतने शेजाऱ्यांचा उद्धार केला, फाटकाला कुलूप घातलं, अंगणात कुत्रं बांधलं आणि दुसरा रोटर आणून बसवला. तोही गेला. मग तिसराही.

शुक्रवारी नमाज आटपून हमरोकुलअका दारात आले, काखेत म्हाताऱ्याचा कोट. त्यांनी खिसा उलटा केला आणि शवकतच्या ओंजळीत चार रोटर पडले.

"तुम्ही कोट दिलात तेव्हा एकच होता. बाकीचे एकेका सकाळी सापडले." मग ते जवळ आले, आणि आवाज एकदम खाली आणला.



"आता खरं सांग पोरा, अजून पितोस?"