आलुबुखाराची आठळी

खोलीत शिरल्या शिरल्या यिनहुआची नजर फळीवर गेली. तिथं एक गोल, पांढरं, गुळगुळीत यंत्र बसलं होतं. मधोमध बारीक हिरवा दिवा. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"वाफ सोडतं ते, मावशी," समुपदेशक फांगबाई म्हणाल्या. "हवा फार कोरडी आहे ना इथली."

"असेल," म्हणत यिनहुआनं गळ्यातला रुमाल सोडला आणि यंत्रावर टाकून चारी बाजूंनी खोचला. घरी कॅमेरा बसवला, तेव्हा सूनही असंच काहीतरी म्हणाली होती.

फांगबाईंनी रुमाल राहू दिला. हेही यिनहुआला खटकलं. भली माणसं इतक्या पटकन ऐकत नाहीत.

सून जियानिंग बाहेर बाकावर होती. तिनंच आणलं होतं. घशाचे फोटो झाले, दुर्बीण घालून झाली, काही सापडलं नाही. मग आता मन मोकळं करा म्हणून इथं. मोकळं केलेलं मन कुणाच्या कानावर जाणार, हे न कळायला यिनहुआ दूधखुळी नव्हती. एक शब्द वावगा गेला की तिला गावची गाडी, आणि मानमान दुसऱ्या आजीकडे. जन्मल्यापासून वाढवलेला नातू. नुसत्या विचारानंच तिला रडू यायचं.

"काय होतंय, मावशी?"

"घशात आलुबुखाराची आठळी अडकलीय. गिळवत नाही, थुंकवत नाही." मग घाईनं म्हणाली, "म्हणजे असल्यासारखी वाटते. मला काही वेड लागलेलं नाही."

"असते ती पुष्कळजणींना. फळ गोड होतं की आंबट?"

हा काय प्रश्न? यिनहुआनं तो उलटसुलट करून पाहिला. त्यात सून नव्हती, घर नव्हतं, पुढं जाऊन अंगाशी येईल असं काही नव्हतं.

"चव कुठं कळली? गर दुसऱ्यांनी खाल्ला. माझ्या वाट्याला आठळीच."

"आली कुठून?"

"झाडावरून."

"कुठल्या?"

"आहे एक. पांढरं. फळीवर उगवलेलं." तिनं रुमालाकडे पाहिलं. "बोलतं मेलं. पोराला मांडीवर घेऊन गावाकडचं गाणं म्हणत होते, तर त्यातून आवाज. आई, त्याच्याशी शुद्ध बोला, शाळेची मुलाखत आहे, तुमची बोली जिभेवर बसेल त्याच्या. ऑफिसात बसून..." ती थबकली. जीभ सैल सुटली होती. "झाड बोललं. दुसरं कुणी नाही."

"झाडच बोललं," फांगबाई म्हणाल्या. "आणि गाणं?"

"ओठाशी येतं नि अडतं."

"इथं म्हणून बघता?"

यिनहुआनं दाराकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. मग मान खाली घालून दोन ओळी पुटपुटली. वनचौची, तिच्या गावाकडची बोली ती. इथल्या, हांगचौ शहरातल्या माणसाला त्यातलं अक्षर कळत नाही. फांगबाईंनाही कळलं नाही. म्हणून तर तिनं त्या म्हटल्या.

वेळ संपली. फांगबाई आधी बाहेर गेल्या. यिनहुआ रुमाल काढायचं निमित्त करून दाराआड उभी राहिली. फांगबाईंची खरी परीक्षा आता होती.

"काय म्हणाल्या त्या?" जियानिंगनं विचारलं. "माझ्याबद्दल काही?"

"आलुबुखाराबद्दल बोलत होतो आम्ही."

"एवढा वेळ?"

"एवढा वेळ."

दाराआड यिनहुआनं आवंढा गिळून पाहिला. आठळी होती तिथंच होती. तिनं रुमाल गळ्याला बांधला, बाहेर आली आणि वनचौच्या बोलीत सुनेला म्हणाली, "चल, पोराची बालवाडी सुटेल."

"काय म्हणालात, आई?"

यिनहुआनं पुन्हा तेच सांगितलं. तसंच, फक्त जरा मोठ्यानं.